पाण्याचा हिशेब (भाग 6) : मर्यादेच्या आत, तरीही चूक

मार्च 2023 मध्ये सांगलीजवळ अंकली परिसरात कृष्णेच्या पात्रात मेलेल्या माशांचा खच पडला होता. अशा वेळी नदीकाठी बाटल्या भरल्या जातात, त्या प्रयोगशाळेत जातात आणि काही दिवसांनी अहवाल येतो. नमुना कसा घ्यायचा, ते मागच्या भागात आलं. या भागातला प्रश्न त्यापुढचा : आकडा देणारी प्रयोगशाळा त्या दिवशी नीट मोजत होती का?

हळदीच्या पेठेत वजनकाट्याचा संशय आला, की त्यावर शिक्क्याचं माप ठेवून बघतात. रसायनशाळेतही तेच करतात, फक्त रोज आणि लेखी. पाण्यातले पदार्थ जाळायला किती ऑक्सिजन लागेल, ते सीओडी सांगते. तिच्यासाठी पोटॅशियम हायड्रोजन थॅलेटचं द्रावण वापरतात. हे रसायन 425 मिलिग्रॅम घेऊन एक लिटर पाण्यात विरघळवलं, की सीओडी लिटरला 500 मिलिग्रॅम यायला हवी. नदीच्या नमुन्यांसोबत तेही तपासायचं आणि आलेला आकडा आलेखावर टिंबाने नोंदवायचा.

हाच कंट्रोल चार्ट. वॉल्टर शूहार्ट यांनी 1924 मध्ये तो मांडला, तोही टेलिफोनची सामग्री बनवणाऱ्या कारखान्यासाठी. पुढे 1947-48 मध्ये संख्याशास्त्रज्ञ महालनोबिस यांच्या पुढाकाराने ते भारतातही येऊन गेले.

मधली रेष सरासरीची. तिच्या दोन्ही अंगांना दोन प्रमाण विचलनांवर (प्रमाण विचलन म्हणजे आकडे सरासरीभोवती किती पसरतात त्याचं माप) इशाऱ्याच्या रेषा आणि तीनवर काम थांबवण्याच्या. सगळं सुरळीत असेल, तर हजारात जेमतेम तीन टिंबं या शेवटच्या रेषांबाहेर जातात. या रेषा कायद्यातून येत नाहीत. प्रयोगशाळेच्या स्वतःच्या जुन्या मोजण्यांतून निघतात.

बाहेर उडालेलं टिंब कुणालाही दिसतं. खरी गोम आतल्या टिंबांत असते. समजा, सरासरी 500 आणि प्रमाण विचलन 8 आहे. ओळीने 501, 503, 504, 506, 507, 509, 510 असे आकडे आले. एकही इशाऱ्याच्या 516 पर्यंत पोचलेला नाही. तरी सातही टिंबं सरासरीच्या वर आणि चढत्या क्रमाने, हा निव्वळ योगायोग मानता येत नाही. चांगला विश्लेषक इथे सीओडी मोजताना ब्यूरेटमध्ये भरायच्या फेरस अमोनियम सल्फेटकडे वळतो. हवेशी संबंध येऊन ते हळूहळू कमजोर होतं. त्याची ताकद रोज नव्याने न तपासता जुनाच आकडा सूत्रात घातला, तर सीओडी फुगून येते.

500 च्या जागी 510, म्हणजे दोन टक्के जास्त. तेवढ्याने काय बिघडतं? नदीत सोडायच्या सांडपाण्याला सीओडीची सर्वसाधारण मर्यादा लिटरला 250 मिलिग्रॅम आहे. खरी सीओडी 246 असलेलं पाणी अहवालात 251 दिसेल आणि नियम पाळणारा कारखाना दोषी ठरेल. आकडे उलट्या दिशेला घसरले, तर दोषी सुटेल.

चार्टची धाव मात्र प्रयोगशाळेच्या दारापर्यंतच. विरघळलेल्या ऑक्सिजनसाठीची रसायनं नदीकाठीच बाटलीत घालायची राहिली, तर आलेख कितीही देखणा असला तरी मासे मेल्याचं खरं कारण कळणार नाही. आणि तपासणीस येणार म्हणून आदल्या रात्री एकदम भरलेला चार्ट तर कागद वाया घालवणंच आहे.

नदीकाठच्या ग्रामपंचायतींनी आणि कारखान्यांनी पाण्याचा अहवाल घेताना त्या दिवसाचा कंट्रोल चार्टही मागावा.