चूल मंद करताना

कशेळ्याच्या आसपासच्या ठाकूर-कातकरी वाड्यांवर आजही सरपणाची मोळी डोक्यावरून येते. ती दोन दिवस अधिक पुरली, तर बाईची रानातली एक खेप वाचते. म्हणून चूल सावकाश कशी जळेल, हा प्रश्न क्षुल्लक नव्हे.

लाकूड तापले की प्रथम त्यातील पाणी उडते, मग वायू सुटतात. हे वायू पेटतात तीच ज्वाला. मागे उरतो तो निखारा. ज्वालेला भरपूर हवा लागते. चुलीचे तोंड बुजवले किंवा ओले लाकूड घातले, तर आग मंदावते खरी. पण न जळलेले वायू धूर होऊन घरात कोंडतात. त्यात कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायूही असतो. जळण वाया जाते ते जातेच, वर छातीचे दुखणे.

तेव्हा हवा कोंडू नये, जळण आवरावे. पांगारा, सावर भडकून संपतात. ऐन-धावड्याचा जाड, वाळका तुकडा सावकाश जळतो. उकळी फुटली की लाकडे मागे ओढावीत. भात निखाऱ्यांवर मुरतो. सरपण मृगापूर्वीच पडवीत रचावे.

सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम १९८३ साली सुरू झाला व २००२ मध्ये थांबला. २०१६ पासून उज्ज्वला योजनेने गॅस आणला. तरीही सिलिंडर भरायला पैसे नसले की चूल पेटतेच. ती पेटते तोवर तिचे शास्त्र आपण जाणले पाहिजे.