नाग नदीतून समुद्रापर्यंत नाव जाईल का?

नागपूरच्या नाग नदीत पडलेला पावसाचा थेंब कोणत्या समुद्राला मिळतो, असा प्रश्न सहावी-सातवीच्या वर्गात विचारून पाहा. मुंबई ओळखीची, म्हणून बरीच मुले अरबी समुद्राचे नाव घेतील. खरे उत्तर बंगालचा उपसागर हे आहे. नाग कन्हानला मिळते, कन्हान अंभोऱ्याला वैनगंगेत जाते. वैनगंगा आणि वर्धा यांचा चपराळ्याजवळ संगम होऊन प्राणहिता होते आणि प्राणहिता सिरोंच्याजवळ गोदावरीला मिळते. नकाशावर ही वाट बोटाने गिरवली, की मुलांचा पुढचा प्रश्न ठरलेला: या वाटेने नाव जाईल का?

हाच प्रश्न एकोणिसाव्या शतकात सरकारलाही पडला होता. विदर्भाचा कापूस बैलगाड्यांवरून शेकडो मैल न्यावा लागे. सर आर्थर कॉटन या अभियंत्याने १८४७ ते १८५२ या काळात राजमहेंद्रीजवळ धवलेश्वरम येथे गोदावरीवर बंधारा बांधला. त्यातून निघालेल्या कालव्यांनी शेतीला पाणी मिळाले आणि त्यांतून नावाही चालू लागल्या. रेल्वेपेक्षा जलमार्ग स्वस्त, हे कॉटन यांचे ठाम मत होते. मग गोदावरी-प्राणहितेतून थेट वर्धेच्या काठापर्यंत नावा का आणू नयेत? हेग या अभियंत्याने १८५६ साली याविषयी अहवाल दिला आणि पुढे कामही सुरू झाले.

जलमार्ग स्वस्त का, हे आधी समजून घेऊ. रस्त्यावर एक घोडा साधारण एक टन माल ओढतो. संथ पाण्यात तोच घोडा तीसेक टनांची नाव काठावरून दोराने ओढू शकतो. नावेचे वजन पाणी पेलते. घोड्याला फक्त पाण्याचा विरोध मोडायचा असतो आणि वेग कमी असेल तर तो विरोधही फार कमी असतो. अट एकच, पाणी संथ आणि पुरेसे खोल हवे.

गोदावरीच्या वाटेत तीन ठिकाणी ही अट मोडत होती. भद्राचलमजवळ दुम्मागुडेम, त्याच्या वर इंचमपल्ली आणि प्राणहितेवर आजच्या अहेरी तालुक्यातील देवलमरी. येथे नदी खडकांवरून फेसाळत उतरते. अशा जागी नाव चढवायची कशी? यावर उपाय जुनाच होता, तो म्हणजे लॉक.

लॉक ही पाण्याची पायरी होय. दोन्ही टोकांना दरवाजे असलेली एक बांधीव कोठी, वरच्या बाजूला उंच पाणी, खालच्या बाजूला सखल पाणी. नाव खालून आत येते, मागचा दरवाजा बंद होतो. वरच्या दरवाजातील झडप उघडली, की वरचे पाणी कोठीत येते आणि नाव त्याबरोबर उचलली जाते. दोन्ही पातळ्या समान झाल्या, की वरचा दरवाजा उघडून नाव पुढे जाते. ना पंप, ना इंजिन; सारे काम गुरुत्वाकर्षण करते. पण ते फुकट होत नाही. कोठी ३० मीटर लांब, ६ मीटर रुंद आणि पायरी अडीच मीटर उंच धरली, तर एका खेपेला ४५० घनमीटर, म्हणजे साडेचार लाख लिटर पाणी वरून खाली जाते. दहा हजार लिटरचे ४५ टँकर झाले! हे पाणी वर सतत येत राहिले पाहिजे.

या हिशेबाचे उत्तम उदाहरण फ्रान्समध्ये पाहायला मिळते. तूलूझ शहरापासून भूमध्य समुद्राकडे जाणारा मिदी कालवा १६६६ ते १६८१ या काळात खोदला गेला. लांबी सुमारे २४० किलोमीटर. तो घडवणारा प्येर-पॉल रिके हा अभियंता नव्हे, मिठावरील कर गोळा करणारा अधिकारी होता. कालव्याला ओलांडायचा होता तो नोरूझचा जलविभाजक, उंची सुमारे १९० मीटर. येथे नाव एका बाजूने चढणार आणि दुसऱ्या बाजूने उतरणार, म्हणजे प्रत्येक नावेमागे दोन कोठ्या पाणी माथ्यावरून जाणार. हा प्रदेश उन्हाळ्यात कोरडा असतो. मग माथ्यावर पाणी कोठून आणायचे?

रिकेने याचे उत्तर नदीत शोधले नाही, डोंगरात शोधले. जवळच्या डोंगरातले ओढे त्याने पाटांनी वळवले आणि सेंट फेरेओल येथे मातीचे मोठे धरण बांधून हिवाळ्या-वसंतातले पाणी साठवले. त्या जलाशयात ६० लाख घनमीटरांहून अधिक पाणी मावते. आपल्या उदाहरणातील मापाची कोठी धरून रोज २० नावा माथा ओलांडतात असे मानले, तर दिवसाला १८ हजार घनमीटर पाणी लागेल आणि चार कोरड्या महिन्यांत सुमारे २२ लाख. बाष्पीभवन आणि झिरपणे धरले तरी साठा पुरतो. कालवा सुरू होण्याच्या काही महिने आधी, १६८० मध्ये, रिकेचे निधन झाले. पण त्याचा हिशेब चुकला नाही. तूलूझच्या पलीकडे गारोन नदी होती. तिचे पूर आणि उन्हाळ्यातील उथळ पाणी यांना कंटाळून फ्रेंचांनी शेवटी नदीचा नादच सोडला आणि तिच्या शेजारून वेगळा कालवा काढला. तो पूर्ण झाला १८५६ मध्ये, म्हणजे हेग यांच्या अहवालाच्याच वर्षी.

आता प्राणहितेकडे परत येऊ. नागपूरला वर्षाला सुमारे ११०० मिलिमीटर पाऊस पडतो, पण त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. पावसाळ्यात नदीचा लोंढा असा, की प्रवाहाविरुद्ध नाव नेणे धोक्याचे. उन्हाळ्यात पात्रात वाळू उघडी पडते आणि गावकरी पायी नदी ओलांडतात. खडकांवर लॉकचा इलाज होता. पण लॉक नावेला उचलते, पाणी निर्माण करत नाही. धवलेश्वरमच्या खाली नावा चालल्या, कारण तेथे बंधाऱ्यामागे पाणी अडवलेले होते आणि नावा नदीतून नव्हे, कालव्यातून जात. वरच्या नदीत तशी साठवण नव्हती. त्यातच १८६७ मध्ये रेल्वे नागपूरला पोहोचली आणि कापसाला बारमाही वाट मिळाली. १८७१ मध्ये गोदावरीची योजना सोडून देण्यात आली. दुम्मागुडेमचा बंधारा मात्र आजही उभा आहे.

रेल्वेने फ्रान्समधल्या कालव्यालाही हरवले. १८५८ मध्ये तो चक्क रेल्वे कंपनीलाच भाड्याने दिला गेला. आज त्यातून मालाच्या नावा जात नाहीत. पण साठवण असल्याने पाणी राहिले आणि पाणी असल्याने कालवा जिवंत राहिला. आता पर्यटक सावकाश चालणाऱ्या नावांतून कास्तेलनोदारी, कार्कासोन, बेझ्ये अशी काठावरची गावे पाहत जातात. बेझ्येजवळ लॉकचा एक जिनाच आहे. तेथे नावा एकवीस मीटर चढतात-उतरतात. १९९६ पासून हा कालवा जागतिक वारसा स्थळ आहे.

हा जुना इतिहास आज का सांगायचा? २०१६ च्या राष्ट्रीय जलमार्ग कायद्याने देशातील १११ जलमार्ग जाहीर केले. त्यांत वैनगंगा-प्राणहिता आणि पैनगंगा-वर्धाही आहेत. यादीत नाव आले म्हणून नदी खोल होत नाही. एप्रिल-मेमध्ये पाणी कोठून येणार, हा रिकेचा प्रश्न तेव्हाही विचारावा लागेल. साठवायचे म्हटले तर त्या पाण्याखाली कोणाची तरी शेती जाते; गोसेखुर्दमुळे उठलेल्या गावांतील मुले आपल्याही वर्गात असू शकतील. आणि साठवलेले पाणी शेतीला, शहराला की नावेला, हेही ठरवावे लागेल. पूर्व विदर्भातील कोहळी समाजाने शेकडो वर्षांपूर्वी तलाव बांधून पावसाळ्याचे पाणी उन्हाळ्याकडे नेले. रिकेचे तत्त्व आपल्याला परके नाही.

वर्गात हा प्रयोग जरूर करावा. एका लांबट ट्रेमध्ये प्लास्टिकच्या दोन पट्ट्या मातीने घट्ट बसवून तीन कप्पे करा. एका टोकाच्या कप्प्यात जास्त आणि दुसऱ्या टोकाच्या कप्प्यात कमी पाणी घ्या. मधला कप्पा ही कोठी. कोठीचे पाणी खालच्या पातळीइतके ठेवून तीत बाटलीचे झाकण तरंगत ठेवा. मग वरच्या कप्प्यातून मोजून कपाने पाणी घालत झाकण वरच्या पातळीपर्यंत चढवा. नंतर झाकणात खडे ठेवून कोठी पुन्हा खालच्या पातळीपर्यंत रिकामी करा आणि तसेच करा. वरच्या कप्प्याची पातळी प्रत्येक वेळी पहिल्याइतकी करून घ्या. भरलेली नाव चढवायला जास्त पाणी लागले का? मुलांना आधी अंदाज करू द्या, मग मोजू द्या. दोन्ही वेळा पाणी सारखेच लागते. का, याचे उत्तर आर्किमिडीजच्या तत्त्वात आहे. ते मात्र मुलांनीच शोधावे.