साखरेचं भांडं : तक्रार नेमकी कुणाविरुद्ध?

मागच्या व्याख्यानात आपण राग आणि न्याय यांच्या नात्याबद्दल बोललो. आज त्याच प्रश्नाचं रोजच्या व्यवहारातलं एक लहान रूप घेऊ : तक्रार. सुरुवात करू एका कप कॉफीपासून.

एप्रिल १८६६. कादंबरीकार चार्ल्स डिकन्स आपल्या जाहीर वाचनांच्या दौऱ्यावर होता. प्रवासात डब्याला आग लागली, आणि गाडी रग्बी स्टेशनात थांबली. आता एक गोष्ट लक्षात घ्या. जेमतेम दहा महिन्यांपूर्वी, ९ जून १८६५ रोजी, स्टेपलहर्स्टच्या रेल्वे अपघातात तो सापडला होता. त्यात दहा माणसं दगावली. तेव्हापासून आगगाडीची धास्ती त्याच्या मनात बसली ती बसलीच. असा हा माणूस सोबत्याबरोबर स्टेशनातल्या उपाहारगृहात गेला, कॉफी मागितली आणि साखरेकडे हात नेला. काउंटरमागच्या बाईंनी भांडं ओढून घेतलं. आधी पैसे, मग दूध-साखर! तिथला नोकर पोऱ्या हे बघून हसत सुटला. दौऱ्याचा व्यवस्थापक जॉर्ज डॉल्बी यानं ही हकिगत लिहून ठेवली आहे.

आपण काय केलं असतं? तक्रारवही मागितली असती. डिकन्सनं त्याच वर्षी आपल्या साप्ताहिकाच्या नाताळ अंकात ‘मग्बी जंक्शन’ लिहिलं. रग्बीचं झालं मग्बी! त्यातल्या एका कथेत त्यानं या उपाहारगृहाचं पार वस्त्रहरण केलं. पण गंमत बघा, ती कथा अपमान झालेला प्रवासी सांगत नाही. सांगतो तो काउंटरमागचा पोऱ्या, आणि तोही अभिमानानं! आमच्याकडे गिऱ्हाइकाकडे लक्ष न देण्याचं शिक्षण कसं मिळतं, वगैरे. मालकीणबाई फ्रान्सला जाऊन येतात आणि सांगतात, तिकडे ताजं अन्न मिळतं, आणि वर नम्रपणे देतात! ऐकून सगळा नोकरवर्ग हादरतो. सेवेची ज्याला खरीखुरी हौस आहे असा एकच माणूस तिथे आहे, आणि त्याच्याकडे सगळे तुच्छतेनं बघतात.

आता तत्त्वज्ञानाकडे येतो. पी. एफ. स्ट्रॉसन या ब्रिटिश तत्त्वज्ञानं १९६२ मध्ये एक साधं उदाहरण दिलं. कुणी चुकून माझ्या हातावर पाय दिला, किंवा मुद्दाम, तुच्छतेनं दिला. दुखतं सारखंच. पण दुसऱ्या वेळी मनात जो रोष येतो, तो पहिल्या वेळी येत नाही. म्हणजे रोष दुखण्याचा नसतो. समोरच्यानं आपल्याला काय समजलं, त्याचा असतो. साखर दोन मिनिटं उशिरा मिळाली म्हणून कुणी पेटत नाही. ‘हा पैसे बुडवून पळेल’ असं गृहीत धरलं गेलं, ते लागतं.

याची दुसरी बाजू तितकीच महत्त्वाची आहे. पावसाची आपण कुरकुर करतो, पण पावसाकडे तक्रार करत नाही. तक्रार माणसाकडेच करतो, कारण त्याला वेगळं वागता आलं असतं असं आपण मानतो. या अर्थानं तक्रार हा एक प्रकारचा आदरच आहे. पण मग प्रश्न येतो : वेगळं वागणं खरोखर कुणाच्या हातात होतं?

इथे दुसऱ्या एका रेल्वेचं उदाहरण घेतो. ग्रेट वेस्टर्न रेल्वेनं १८४० च्या दशकाच्या आरंभी स्विंडन स्टेशनातलं उपाहारगृह ठेकेदारांना ९९ वर्षांच्या करारानं दिलं. ठेकेदारांनी स्टेशन स्वखर्चानं बांधायचं. बदल्यात गाड्या तिथे दहा मिनिटं थांबणार. गिऱ्हाईक आयतं, भुकेलं, आणि दुसरीकडे जायची सोय नाही. कॉफी चांगली करायची गरजच काय? रेल्वेचाच मुख्य अभियंता ब्रुनेल यानं तिथल्या कॉफीबद्दल ठेकेदाराला बोचरं पत्र लिहिलं. पण करारातून सुटायला कंपनीला १८९५ उजाडलं, आणि त्यासाठी मोठी रक्कम मोजावी लागली.

म्हणून डिकन्सबद्दल माझी एक तक्रार आहे. पोऱ्याला निवेदक करून त्यानं अचूक दाखवलं की उद्धटपणा उपजत नसतो, तो शिकवला जातो. पण हसं झालं ते काउंटरवरच्या बायकांचं. संचालक मंडळींच्या कपाला कुणी हात लावला नाही.

हे मी मोठ्या तोऱ्यात सांगतोय, पण माझंही ऐका. तीसेक वर्षांपूर्वी एका चर्चासत्रासाठी परगावी लॉजवर उतरलो होतो. सकाळी गरम पाणी नाही. मी तक्रारवहीत चांगली पानभर तक्रार लिहिली, शुद्धलेखनासकट. दुसऱ्या दिवशी व्यवस्थापकानं चौदा-पंधरा वर्षांच्या एका पोराला माझ्यासमोर उभं करून झाडलं. नंतर जिन्यात तो हळूच म्हणाला, “सर, बंबाला लाकडं मोजून मिळतात.”

माझ्या तक्रारीतला शब्दन्‌शब्द खरा होता, पण ती पडली भलत्याच्या डोक्यावर. तक्रार जरूर करावी. गप्प बसणं म्हणजे समोरच्याला पाऊस समजणं. मात्र वहीत लिहिण्याआधी एवढं विचारावं : लाकडं कोण मोजतं?