किल्ल्या वाढल्या, हिशेब राहिला

१९९५ साली हेलसिंकीच्या तंत्रविद्यापीठाच्या नेटवर्कवर कुणीतरी पासवर्ड टिपणारा प्रोग्राम बसवला. तेव्हा दूरच्या संगणकावर काम करायचं तर टेलनेट वापरत, आणि टेलनेटमधून पासवर्ड जसाच्या तसा जाई. तिथलाच संशोधक तातू युलोनेन याने त्यावर तोड म्हणून एसएसएच लिहिलं आणि त्याच वर्षी जुलैमध्ये फुकट वाटलं. एफटीपीचं पोर्ट २१, टेलनेटचं २३. मधलं २२ रिकामं होतं, ते त्याने ईमेल करून मागितलं आणि मिळालंही. असे साधे दिवस होते. पुढे मूळ प्रोग्रामचा परवाना आवळत गेला, तेव्हा ओपनबीएसडीच्या मंडळींनी जुनी मोकळी आवृत्ती घेऊन १९९९ मध्ये ओपनएसएसएच उभं केलं. आज जवळपास सगळीकडे तेच चालतं.

पासवर्डच्या जागी किल्ल्यांची जोडी आली. खासगी किल्ली आपल्या मशीनवर, सार्वजनिक किल्ली सर्व्हरवर. आपलं मशीन सही करतं, सर्व्हर ती पडताळतो, गुपित कुठेच पाठवावं लागत नाही. यातलं गणित पक्कं होतं, आहे. घोळ झाले ते गणिताच्या आजूबाजूला.

त्यातला सगळ्यात मोठा डेबियन लिनक्सचा. मेमरी तपासणारं एक साधन सारखं कुरकुरत होतं, म्हणून २००६ मध्ये डेबियनच्या ओपनएसएसएल या सांकेतिकीकरणाच्या लायब्ररीतून दोन ओळी काढल्या गेल्या. त्यांच्याबरोबर किल्ली बनवताना लागणारी बेभरवशाची भेळही गेली. उरला फक्त प्रोसेसचा क्रमांक, जो ३२,७६८ च्या पुढे जात नसे. म्हणजे एका जातीच्या मशीनवर एका लांबीची किल्ली कुणीही बनवो, ती त्या बत्तीस-तेहतीस हजारांतलीच. मे २००८ मध्ये लुचियानो बेलो याने हे उघड केलं, तोवर दीड वर्षाहून जास्त काळ लोटला होता. दुरुस्ती सोपी होती, निस्तरणं नव्हे. डेबियनवर बनलेल्या किल्ल्या भलत्याच सर्व्हरांवर जाऊन बसलेल्या. ज्याने आयुष्यात डेबियन वापरलं नाही, त्याच्याही सर्व्हरचं दार उघडं. कच्च्या किल्ल्यांच्या काळ्या याद्या घेऊन एकेक मशीन धुंडाळण्यावाचून गत्यंतर नव्हतं, आणि कुठली किल्ली कुठे आहे याची वही बहुतेकांकडे नव्हती. माझ्या मते किल्ल्यांच्या कारभाराचा प्रश्न खरा तेव्हा कळला.

नंतर गणित आणखी सुधारलं. २०१४ मध्ये ईडी२५५१९ या छोट्या, चपळ किल्ल्या आल्या, २०१५ मध्ये जुन्या डीएसए किल्ल्या आपोआप नाकारल्या जाऊ लागल्या, २०२० पासून यूएसबीला लावायच्या सुरक्षा-किल्लीचीही सोय झाली.

वही मात्र तशीच राहिली. कुठल्याही जुन्या सर्व्हरवरची ‘ऑथोराइज्ड कीज’ फाइल, म्हणजे प्रवेश दिलेल्या सार्वजनिक किल्ल्यांची यादी, उघडून पाहा. ओळीत आधी किल्लीचा प्रकार, मग अक्षरांची लांबलचक माळ, शेवटी शेरा. शेऱ्यात बहुधा कुणाच्या तरी लॅपटॉपचं नाव. तो लॅपटॉप भंगारात गेलेला असतो, माणूस दोन नोकऱ्या पुढे, पण ओळ चालू. शिवाय शेरा कुणी तपासत नाही, तिथे काहीही लिहा. किल्ली कुणी दिली, कशासाठी, याला जागाच नाही. मुदतीची प्रमाणपत्रं ओपनएसएसएचमध्ये २०१० पासून आहेत, साध्या किल्लीलाही २०१८ पासून अंतिम तारीख घालता येते. मी पाहिलेल्या कचेऱ्यांत ती क्वचितच घातलेली दिसते. राजीनामा दिलेल्याचं ओळखपत्र संध्याकाळपर्यंत परत घेतात, त्याच्या ओळीची आठवण ऑडिटवाल्यालाच होते.

सर्व्हर ज्या किल्लीने स्वतःची ओळख पटवतो, तिचंही तेच. मार्च २०२३ मध्ये गिटहबची आरएसए खासगी किल्ली चुकून काही वेळ एका सार्वजनिक रेपॉझिटरीत दिसली. त्यांनी ती ताबडतोब बदलली आणि जगभरच्या प्रोग्रामरांच्या पडद्यावर ‘सर्व्हरची ओळख बदलली आहे’ असा धडकी भरवणारा इशारा आला. नव्या किल्लीचा ठसा गिटहबने छापलेल्या ठशाशी ताडून पाहायचा होता. पण पहिल्या जोडणीला डोळे झाकून ‘येस’ टाइप करणाऱ्यांचीच ही दुनिया.

आता तर माणसांपेक्षा स्क्रिप्टांकडेच किल्ल्यांचे जुडगे असतात. रात्री दोनला बॅकअप घेणारी स्क्रिप्ट किल्लीचं कुलूप उघडणारं सांकेतिक वाक्य कुठून टाइप करणार? म्हणून तिची किल्ली बिनकुलपाची, आणि बऱ्याचदा रूटची, म्हणजे सर्वाधिकारी खात्याची. ती बदलायचा विषय निघाला की ‘बॅकअप बंद पडला तर?’ असं कुणीतरी विचारतं, आणि काम पुढच्या तिमाहीत ढकललं जातं.