ताकद आहे, पण वेग आहे का? घरातल्या खुर्चीवर तपासून बघा

दस्तरखानावरून उठताना घरातल्या मोठ्यांना हात टेकावा लागतो, भिंतीचा आधार लागतो. आपण म्हणतो, "वय झालं आता." पण स्नायू किती कमजोर झाले आहेत हे मोजता येतं. आणि वेळीच कळलं तर सुधारताही येतं.

आधी दोन शब्दांतला फरक समजून घेऊ. ताकद म्हणजे स्नायू जास्तीत जास्त किती जोर लावू शकतो ते. शक्ती, म्हणजे पॉवर, ही तोच जोर किती वेगात लावता येतो यावर ठरते. समजा, ६० किलो वजनाची व्यक्ती तीन मीटर उंचीचा जिना सहा सेकंदांत चढली, तर तिची शक्ती सुमारे २९४ वॅट भरते. तोच जिना चढायला बारा सेकंद लागले, तर ती निम्मी, म्हणजे १४७ वॅट. काम तेवढंच, फरक फक्त वेळेचा.

वय वाढतं तसं वेगाने काम करणारे स्नायूतंतू जास्त बारीक होतात. त्यामुळे ताकदीच्या आधी आणि जास्त झपाट्याने शक्ती कमी होते. ओल्या फरशीवर पाय घसरला तर तोल सावरायला क्षणभरच मिळतो. तिथे नुसती ताकद पुरत नाही, वेगही लागतो.

दवाखान्यात ताकद मोजायचा सोपा मार्ग म्हणजे डायनॅमोमीटर. हे यंत्र मुठीत धरून जोरात दाबायचं. आशियाई तज्ज्ञांच्या गटाने २०१९ मध्ये दिलेल्या निकषांनुसार पुरुषाची पकड २८ किलोपेक्षा आणि स्त्रीची १८ किलोपेक्षा कमी असेल, तर ती कमजोर समजतात. भारतासह १७ देशांतल्या सुमारे १ लाख ४० हजार लोकांचा अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांची पकड कमजोर, त्यांच्यात पुढच्या काही वर्षांत मृत्यूचं प्रमाण जास्त दिसलं.

व्यायाम करणारे आणि बैठं काम करणारे यांची तुलना मात्र जपून करावी लागते. वय, वजन, स्त्री की पुरुष, हे सगळं सारखं हवं. शिवाय रोज चालणाऱ्याचे पाय चांगले असले, तरी त्याची पकड मजबूत असेलच असं नाही. ज्या स्नायूला काम, त्याचीच ताकद वाढते. "घरकाम होतंच की, वेगळा व्यायाम कशाला?" असं म्हणणाऱ्या बायकांनी हे लक्षात घ्यावं.

घरी पायांची चाचणी अशी करा. हात नसलेली मजबूत खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा. दोन्ही हात छातीवर घडी घालून पाच वेळा उठा-बसा, जमेल तितक्या वेगात. मोबाईलवर वेळ लावा आणि शेजारी कुणाला तरी उभं करा. ज्येष्ठांना बारा सेकंद किंवा जास्त लागले, तर पाय कमजोर पडत असल्याची ती खूण आहे. छातीत दुखणं, चक्कर, नुकतंच झालेलं ऑपरेशन किंवा गुडघ्यांचा जास्त त्रास असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा.

आकडा वाईट आला तरी खचू नका. १९९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या एका छोट्या अभ्यासात नव्वदीच्या आसपासच्या वृद्धांनी देखरेखीखाली आठ आठवडे वजनांचा व्यायाम केला. नऊ जणांनी तो पूर्ण केला आणि त्यांच्या पायांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली.

जागतिक आरोग्य संघटना आठवड्यातून किमान दोन दिवस स्नायूंचा व्यायाम सुचवते. सुरुवात खुर्चीपासूनच करा. उठताना झटकन, बसताना सावकाश. आजची वेळ कॅलेंडरवर लिहून ठेवा आणि दोन महिन्यांनी त्याच खुर्चीवर पुन्हा मोजा. अम्मी-अब्बांचीही मोजा आणि स्वतःचीही.