खोडीसकट नक्कल

१९८२ साली ब्रिटनमध्ये सिंक्लेअर कंपनीचा झेडएक्स स्पेक्ट्रम हा घरगुती संगणक बाजारात आला, तेव्हा त्याच्या पहिल्या आवृत्तीच्या बोर्डावर एक आयसी चक्क उताणी होती. पाठ खाली, पाय वर, आणि पायांना बारीक तारा झाळलेल्या. यूएलए नावाच्या मुख्य चिपमध्ये एक चूक राहून गेली होती, सुधारलेली चिप येईपर्यंत थांबायला वेळ नव्हता, म्हणून लावलेलं हे ठिगळ. दुरुस्ती करणाऱ्यांनी त्याला ‘मेलेलं झुरळ’ म्हणायला सुरुवात केली. आज चार दशकांनंतर जगभरचे हौशी लोक या यंत्राचे सुटे भाग नव्याने बनवताहेत. त्यांना सर्वांत जास्त त्रास यंत्राच्या हुशारीने दिलेला नाही. दिला तो असल्या चुकांनी आणि खोडींनी.

यंत्र तसं साधं. ३.५ मेगाहर्ट्‌झवर चालणारा झेड-८० प्रोसेसर, १६ किंवा ४८ किलोबाइट रॅम, आणि पडद्याच्या जागी घरातला टीव्ही. किंमत १२५ आणि १७५ पौंड. भारतात नोव्हेंबर १९८४च्या संगणक धोरणानंतर दारं जरा किलकिली झाली. १९८४-८५ला शाळांसाठी ‘क्लास’ प्रकल्प आला आणि त्यातून बीबीसी मायक्रो हा संगणक वर्गात पोहोचला. घरासाठी डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सने सिंक्लेअरच्या परवान्याने ‘डीबी स्पेक्ट्रम प्लस’ विकायला घेतला. या खोक्यावर बेसिक ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकलेली मराठी पिढी आता निवृत्तीला आली आहे, आणि तिच्या माळ्यावरची खोकी त्याआधीच निवृत्त झाली आहेत.

बीड जिल्ह्यात, माजलगाव तालुक्यातल्या दिंद्रुडसारख्या गावात तेव्हा संगणक म्हणजे वर्तमानपत्रातला शब्द. पण ज्या विद्येवर हे सगळं उभं आहे ती या भागाला परकी नाही. उसाचा मुलूख आहे, विहिरीवरची मोटार जळाली की नवी कोण घेतो? रिवायंडिंगवाला जळकं तांबं काढतो, वेढे मोजतो, त्याच गेजची तार भरतो, वार्निश मारतो. वेढे चुकले तरी मोटार फिरते, पण तापते, आणि महिन्याभरात परत दुकानात येते. स्पेक्ट्रमचे भाग बनवणाऱ्यांची गोष्ट नेमकी इथे सुरू होते, कारण या यंत्रातही एक कॉइल आहे आणि बहुतेक मरणं तिच्या आसपासच होतात.

स्पेक्ट्रमच्या पहिल्या १६ किलोबाइटसाठी ४११६ जातीच्या आठ आयसी वापरल्या आहेत. त्यांना तीन वेगवेगळे दाब लागतात: अधिक १२, अधिक ५ आणि उणे ५ व्होल्ट. अडॅप्टर मात्र एकच, ९ व्होल्टचा. म्हणून बोर्डावर दोन ट्रान्झिस्टर आणि बोटाच्या पेरापेक्षा लहान कॉइल घेऊन बाकीचे दाब तिथेच तयार करतात. एखादी रॅम शॉर्ट झाली की ट्रान्झिस्टर जळतो. उणे ५ गेला आणि अधिक १२ राहिला, तर उरलेल्या रॅमही मरतात. ४११६ आता कोणी बनवत नाही. बाजारात मिळतात त्या जुन्या साठ्यातल्या, किंवा जुन्यावर नवा छाप मारलेल्या.

यावर उपाय निघाले. ४१६४ ही नंतरची रॅम फक्त ५ व्होल्टवर चालते. तिच्यासाठी काही वायरी तोडायच्या, काही जोडायच्या. किंवा आठही आयसींच्या जागी एकच आधुनिक स्टॅटिक रॅम असलेला छोटा बोर्ड बसवायचा. मग कॉइलचा पसाराच काढून टाकू, असं कोणालाही वाटेल. पण टीव्हीसाठी रंग तयार करणारी एलएम१८८९ ही आयसी त्याच १२ व्होल्टवर जगते. कॉइल काढली तर चित्राचे रंग जातात. जुन्या बोर्डात प्रत्येक गोष्ट दुसऱ्या कशाला तरी बांधलेली असते. एक पैसा वाचवायला एका भागाकडून तीन कामं करून घ्यायची, ही क्लाइव्ह सिंक्लेअर यांची ख्यातीच होती.

रॅमचं निभावतं. खरा पेच यूएलएचा. ही चिप ब्रिटनच्या फेरांटी कंपनीची. तिच्यावर तर्कजाळ्याचे सुटे तुकडे आधीच छापलेले असत. ते कसे जोडायचे एवढंच गिऱ्हाइकाने ठरवायचं, आणि त्या जोडण्यांचा धातूचा थर शेवटी चढायचा. त्यामुळे ती स्वस्त पडे. स्पेक्ट्रमचा हार्डवेअर आराखडा करणाऱ्या रिचर्ड आल्टवासर यांनी चित्र, कळफलक, कॅसेट, आवाज आणि प्रोसेसरचं घड्याळ हे सगळं या एकाच चिपमध्ये कोंबलं. ती चांगलीच तापते. १९८६ साली सिंक्लेअरचा संगणक व्यवसाय ॲमस्ट्रॅडने विकत घेतला, पुढे उत्पादन थांबलं, आणि यूएलए मेली की यंत्र मेलं अशी स्थिती आली.

यूएलएची नक्कल करणाऱ्यांना आधी वाटलं, ती काय काम करते ते कागदावर लिहिलेलंच आहे. चित्र टीव्हीला पाठवायचं, कळा वाचायच्या. पण पहिल्या १६ किलोबाइटवर प्रोसेसर आणि चित्र दोघांचाही हक्क आहे. टीव्हीचा किरण कोणासाठी थांबत नाही, म्हणून दोघे एकाच वेळी रॅमच्या दारात आले की यूएलए सरळ प्रोसेसरचं घड्याळ बंद करते. किती वेळ, तेही ठरलेलं: ६, ५, ४, ३, २, १, ०, ० ठोके, आणि परत पहिल्यापासून. पडद्याची एक ओळ २२४ ठोक्यांची, ३१२ ओळींची एक चौकट, म्हणजे ६९,८८८ ठोके. सेकंदाला अशा सुमारे पन्नास चौकटी. गेम लिहिणाऱ्यांनी हे ठोके मोजले आणि त्यांच्या जिवावर अशी चित्रं काढली जी मॅन्युअलप्रमाणे शक्यच नव्हती. बदली चिप ‘सुधारून’ बनवली, प्रोसेसरला अडवलंच नाही, तर यंत्र वेगवान होतं आणि ती चित्रं फाटतात.

याहून चमत्कारिक खोड म्हणजे रिकामं पोर्ट वाचणं. ज्या पोर्टला काहीच जोडलेलं नाही ते वाचलं, तर यूएलए त्या क्षणी पडद्यासाठी उचलत असलेला बाइट हाती लागतो. हे कोणी योजलेलं नव्हतं. पण ‘अर्कनॉइड’ या गेमने त्याचा उपयोग करून किरण कुठे आहे ते ओळखलं. नव्या बोर्डवर रिकाम्या पोर्टने सभ्यपणे २५५ सांगितलं की गेम अडकून बसतो. अगदी मूळ कंपनीलाही असल्या खोडींचा फटका बसला होता: तिसऱ्या आवृत्तीच्या बोर्डात कळफलकाच्या पोर्टचा ६ क्रमांकाचा बिट दुसऱ्या आवृत्तीपेक्षा वेगळा वागू लागला आणि सुरुवातीचे काही गेम तिसऱ्या आवृत्तीवर कळाच ओळखेनात.

हे सगळं शेवटी नीट मांडलं ख्रिस स्मिथ यांनी. चिप उघडून तिचे सूक्ष्मदर्शकाखालचे फोटो मिळवले, त्यावरून जोडणी न्‌ जोडणी लावली आणि २०१० साली यूएलएवर अख्खं पुस्तक काढलं. त्यांचाच ‘हार्लेक्विन’ हा आराखडा: यूएलएचं काम बाजारात कुठेही मिळणाऱ्या ७४ मालिकेच्या साध्या आयसींनी करायचं. त्यावरून पुढे तयार झालेला बोर्ड मूळ स्पेक्ट्रमच्या डब्यात बसतो. दुसरीकडे यूएलएच्याच जागी बसणाऱ्या, आतून प्रोग्रॅम केलेल्या नव्या चिपा आल्या. तिसरी वाट ‘स्पेक्ट्रम नेक्स्ट’ची. २०१७ साली लोकांकडून आगाऊ पैसे उभे करून सुरू झालेलं हे यंत्र २०२०मध्ये हातात पडू लागलं; त्यात अख्खा संगणक एका एफपीजीएमध्ये, म्हणजे आतली जोडणी हवी तशी प्रोग्रॅम करता येणाऱ्या चिपमध्ये, उतरवलेला आहे. त्याचा डबा मूळ स्पेक्ट्रमचं रूप घडवणाऱ्या रिक डिकिन्सन यांनीच आखला होता. यंत्र लोकांपर्यंत पोहोचण्याआधी, २०१८ साली ते गेले.

मला विचाराल तर शिकायला हार्लेक्विन. एफपीजीए सोयीचा खरा, पण त्यात मल्टिमीटरचं टोक कुठे टेकवणार? हार्लेक्विनवर चित्राची ओळ मोजणारी आयसी बोटाने दाखवता येते, आणि ती बिघडली तर काही रुपयांत दुसरी येते.

दिंद्रुडला बसून हे करायचं झालं तर आज अडत नाही. कोरा बोर्ड चीनमधून कुरिअरने येतो, बहुधा किमान पाच नगांच्या बोलीवर, आणि कस्टम वेगळं. आयसी आणि बेस मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या बुधवार पेठेत, पासोड्या विठोबाच्या आसपास. कळफलकाची प्लास्टिकची पट्टी वाळून तडकते, ती नवी बनून मिळते. कॅसेटची जागा एसडी कार्डाने घेतली आहे. जिथे एका गेमसाठी पाच मिनिटं किरकिर ऐकावी लागायची तिथे आता क्षणात काम होतं. काळजी घ्यायची ती विजेची. स्पेक्ट्रमचा अडॅप्टर उलटा आहे, पिनेच्या मध्यभागी उणे. घरातला दुसरा कुठलाही खुपसला तर बोर्ड जातो. आणि ७८०५ हा जुना रेग्युलेटर जादाचे व्होल्ट उष्णता करून उडवतो. बीडचा मे महिना आणि ग्रामीण फीडरचा चढउतार एकत्र आले की तो भाजतो. त्याच्या जागी त्याच तीन पायांचा स्विचिंग रेग्युलेटर लावणं हा सगळ्यात स्वस्त बदल आहे, आणि त्याने कोणत्याही गेमचं काही बिघडत नाही.

प्रोसेसरचं मात्र तसं नाही. १९७६पासून बनत आलेल्या झेड-८०च्या सुट्या चिपसाठी झायलॉगने १४ जून २०२४ ही शेवटच्या ऑर्डरची तारीख दिली. त्याच वर्षी खुल्या आराखड्यावरून झेड-८० नव्याने सिलिकॉनवर उतरवायची खटपटही सुरू झाली. दुकानांत अजून मिळतो तो बहुतेक नंतरचा, सीमॉस पद्धतीचा. तो कमी तापतो, जुन्या सॉकेटमध्ये बसतो, आणि जवळजवळ सगळं जुन्यासारखंच करतो. जवळजवळ, कारण मॅन्युअलमध्ये नसलेली एक आज्ञा आहे: जुना झेड-८० तिच्यावर पोर्टला शून्य पाठवतो, सीमॉस २५५. ही आज्ञा वापरणारे प्रोग्रॅम थोडे आहेत, पण आहेत. म्हणून जुना प्रोसेसर चालत असेल तर बोर्डातलं बाकी सगळं बदला, त्याला हात लावू नका.