आभासी मॉडेल आणि खरा कपडा

बंगळुरूच्या वायव्य भागातील पीण्या औद्योगिक क्षेत्र १९७० च्या दशकात उभे राहिले. यंत्रांच्या सुट्या भागांसाठी ते विशेष ओळखले जात असले, तरी तयार कपड्यांचे कारखानेही तेथे पुष्कळ आहेत आणि त्यांतील शिवणयंत्रांवर बहुतांशी स्त्रिया काम करतात. लहान कारखाने अनेकदा इतरांच्या नाममुद्रेखाली मजुरीवर कपडे शिवून देतात. फ्लिपकार्ट आणि मिंत्रा या दोन्ही कंपन्या २००७ साली याच शहरात सुरू झाल्या. तेव्हा आपण शिवलेला कपडा इंटरनेटवरील दुकानात आपल्याच नावाने का विकू नये, हा विचार येथील उद्योजकाच्या मनात येणे साहजिक आहे.

अशा वेळी पहिली अडचण येते ती छायाचित्रांची. मॉडेल, छायाचित्रकार, रंगभूषाकार यांचे मानधन आणि स्टुडिओचे भाडे हा खर्च लहान उद्योगास जड जातो. त्यावरील उपाय म्हणून आता आभासी मॉडेल, म्हणजे संगणकाने घडविलेली व्यक्ती, वापरली जाते. तिच्या अंगावर कपडा चढविण्याच्या दोन पद्धती आहेत आणि त्यांतील फरक उद्योजकाने समजून घेणे अगत्याचे आहे.

पहिली पद्धत पॅटर्नवर आधारलेली आहे. कापड बेतण्यासाठी पुढचा भाग, पाठ, बाही, कॉलर यांचे आराखडे अनेक कारखान्यांत संगणकावर असतातच. क्लो-थ्रीडीसारखी प्रणाली हे तुकडे आभासी देहावर शिवते. कापडाचे वजन, जाडी, ताण आणि लवचिकपणा यांची मोजमापे तिला पुरविली, की चुण्या कोठे पडतील हे ती गणिताने काढते. देहाचे माप वाढविले, की काखेत बसणारी ओढही दिसते. काम वेळखाऊ आहे आणि त्यासाठी प्रशिक्षित माणूस लागतो.

दुसऱ्या पद्धतीत टेबलावर पसरलेल्या कपड्याचे एक छायाचित्र कृत्रिम बुद्धिमत्तेला दिले, की अल्पावधीत तो कपडा घातलेली मॉडेल तयार! मात्र असंख्य चित्रांवरून शिकलेली ही प्रणाली कापड मोजत नाही. असा कपडा अंगावर सामान्यतः कसा दिसतो, याचा ती अंदाज बांधते. त्यामुळे जाड सुती कापड रेशमासारखे सुळसुळीत दिसू शकते, एखादे बटण वाढते, काठाची नक्षी भलतीकडेच वळते. शिवाय प्रत्येक कपडा प्रत्येक देहावर बेतल्यासारखा बसलेला दिसतो. खरी मेख येथेच आहे.

समजा, ८०० रुपयांचे १०० कुर्ते विकले गेले आणि चित्राप्रमाणे नाहीत म्हणून त्यांतील ३० परत आले. २४,००० रुपयांची विक्री तर रद्द होतेच. वर ने-आण, इस्त्री आणि नवे वेष्टन यांचा खर्च. वाटेत असलेला हा माल गोदामात नसतो आणि त्याचे पैसेही येणे राहत नाहीत. कॅश क्रेडिट खात्यातील उचल माल व येणे यांवरच ठरत असल्याने नेमक्या पगाराच्या आठवड्यात हात आखडतो. ई-व्यापारविषयक २०२० च्या ग्राहक संरक्षण नियमांनुसार, जाहिरातीतील वैशिष्ट्यांशी न जुळणारा माल परत घेण्यास विक्रेत्याला नकार देता येत नाही.

आमच्या मते ज्याच्याकडे पॅटर्न तयार आहे त्याने पहिल्या पद्धतीचा विचार आधी करावा. दुसरी पद्धत वापरायची झाल्यास शिवलेला नमुना समोर ठेवून चित्र ताडून पाहावे, एक तरी खरे छायाचित्र सोबत द्यावे आणि कपड्याची मापे सेंटिमीटरमध्ये लिहावीत. चित्र संगणकीय असल्याचे नमूद केल्याने गिऱ्हाईक दुरावेल, ही भीती आम्हास अनाठायी वाटते.

चेहऱ्याचा प्रश्न वेगळाच आहे. मार्च २०२३ मध्ये लिव्हाईस कंपनीने अशा मॉडेलच्या चाचणीची घोषणा केली, तेव्हा खऱ्या माणसांचे काम जाईल अशी टीका झाली. २०२५ साली एच अँड एमने ३० मॉडेलच्या संगणकीय प्रतिकृतींची योजना मांडली. त्यात प्रतिकृतीच्या वापराचे हक्क त्या मॉडेलकडेच ठेवण्यात आले. न्यूयॉर्क राज्यात १९ जून २०२५ पासून अशा प्रतिकृतीसाठी मॉडेलची स्वतंत्र लेखी संमती बंधनकारक आहे. आपल्याकडील लहान कारखान्यात मापे तपासण्यासाठी शिवणकाम करणारीच एखादी मुलगी उभी राहते. तिच्या छायाचित्रावरून आभासी मॉडेल घडवायची असेल, तर तिची लेखी संमती आणि त्याचा वेगळा मोबदला या दोन्ही गोष्टी आधी कागदावर याव्यात.